माणूसघाणा बेथोव्हन

एखादा सोबती हाकेला ओ देत नाही, चारचौघांत बसत नाही, बोलला तरी तुटक बोलतो. आणि आपण त्याला 'शिष्ट' किंवा 'माणूसघाणा' ठरवून मोकळे होतो. थोर जर्मन संगीतकार बेथोव्हन याच्यावरही हाच शिक्का बसला होता.

१७७० साली बॉन येथे जन्मलेला बेथोव्हन १७९२ मध्ये व्हिएन्नास आला आणि आपल्या पियानोवादनाने त्याने तेथील सरदारांचे दिवाणखाने जिंकले. पुढे मात्र तो लोकांना टाळू लागला. स्वभावाने तो तापट होता, हे लपविण्यात अर्थ नाही. परंतु या दुराव्याचे कारण निराळे होते. त्याला ऐकू येईनासे झाले होते. १८०१ साली वेगलर या डॉक्टर मित्रास त्याने कळविले की, हळू बोलणाऱ्याचा आवाज आपणांस येतो, शब्द मात्र कळत नाहीत. आणि कोणी ओरडले तर ते सोसवत नाही.

असे का व्हावे? आपल्या बोलण्यातील स्वर खालच्या पट्टीचे व जोरकस असतात. स, श यांसारखी व्यंजने उंच पट्टीची व क्षीण असतात. उंच पट्टीचे ऐकणे आधी गेले म्हणजे ध्वनी पोहोचतो, अर्थ पोहोचत नाही. आमच्या वर्गातील एका विद्यार्थ्यास आम्ही कित्येक महिने उद्धट समजत होतो. त्याला पहिल्या बाकावर बसविले, तेव्हा तो उत्तरे देऊ लागला. आम्हांस फार ओशाळे वाटले.

मग 'जरा मोठ्याने बोला' असे बेथोव्हनने का सांगू नये? संगीतकाराने आपण बहिरे आहोत असे कोणत्या तोंडाने सांगावे! ऑक्टोबर १८०२ मध्ये व्हिएन्नाजवळील हाइलिगेनश्टाट या खेड्यात त्याने भावांना उद्देशून एक पत्र लिहिले. लोक आपणांस माणूसद्वेष्टा म्हणतात, पण त्यामागील गुप्त कारण त्यांना ठाऊक नाही, हे त्याचे दुःख होते. सोबत्याला मेंढपाळाचे गाणे ऐकू यावे आणि आपणांस काहीच येऊ नये, या प्रसंगांनी तो जिवावर उदार होण्याच्या बेतास आला होता. त्याला कलेनेच आवरले. ते पत्र त्याने धाडले नाही. १८२७ मध्ये तो वारल्यावर ते त्याच्या कागदांत सापडले.

१८१८ च्या सुमारापासून तो जवळ वह्या बाळगू लागला. भेटीस येणारे त्यांत आपले बोलणे लिहीत. संगीत, जेवणखाण, पुतण्याची काळजी, बाजाराच्या याद्या, सारे त्यांत आहे. बेथोव्हनची उत्तरे मात्र त्यांत क्वचितच सापडतात. कारण ती तो तोंडानेच देत असे.