कर्कश संगीत आणि हळवे कान

‘हेवी मेटल’ हा शब्द या पानावर दिसला की शेतकरी वाचकाला जमिनीतले शिसे आणि कॅडमियम आठवणार. आजचा विषय त्या जड धातूंचा नाही. याच नावाचे एक पाश्चात्त्य संगीत आहे. विजेच्या गिटारींचा गडगडाट, ड्रमचा अखंड मारा आणि त्यावर ओरडून म्हटलेली गाणी, असे त्याचे रूप. आपल्या तरुणांच्या फोनवर ते आता खेड्यापाड्यांतही वाजते. त्यावरून काही घरांत एक कोडे पडते. मिक्सर सुरू झाला की मुलगा कानांवर हात ठेवून अंगणात पळतो, फेस्ताच्या फटाक्यांना रडू लागतो, आणि तोच मुलगा खोलीत बसून हे संगीत तासन्‌तास ऐकतो. मग त्याला आवाज सोसत नाही हे खरे की सोंग?

सोंग नव्हे. काही माणसांचे कान उत्तम असतात, परंतु आलेला आवाज मेंदूला फार तीव्र वाटतो. स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेल्या मुलांत हे पुष्कळदा आढळते, पण इतरांतही ते असू शकते. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अशा ११ मुलांचे वर्णन प्रथम प्रसिद्ध केले. मोठा आवाज अचानक अंगावर आला की ही मुले भयभीत होत. घर झाडायचे विजेचे यंत्र, लिफ्ट, अंडी फेटायचे साधन अशा साध्या वस्तूंचीही त्यांना धास्ती वाटे. याच लेखात कॅनर यांनी आणखी एक गोष्ट टिपली आहे: ज्या आवाजाला मूल घाबरते तेवढाच मोठा आवाज ते स्वतः आनंदाने करते.

वाचकहो, सारे मर्म या निरीक्षणात आहे. आवाज किती मोठा, एवढाच प्रश्न नसतो. तो कधी येणार हे ठाऊक आहे का, आपण तो निवडला आहे का, आणि नकोसा झाला तर आपल्या हाताने बंद करता येतो का, हे तितकेच महत्त्वाचे. कुकरची शिट्टी आणि फटाका मुलाला विचारून येत नाहीत. शंभरदा ऐकलेल्या गाण्यात मात्र पुढच्या क्षणी काय वाजणार हे त्याला पाठ असते, आणि बटण त्याच्या अंगठ्याखाली असते.

या संगीताची घडणही इथे समजून घ्यावी. ते इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात वाढले. तेथील टोनी आयोमी हा तरुण पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. १९६५ साली यंत्रात त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. (मळणी यंत्रात हात गेलेली माणसे आपल्याही गावांत आहेत, त्यांना हे वेगळे सांगायला नको.) त्याने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, हलक्या तारा बसवल्या, आणि पुढे त्या तारा सैल करून वाजवू लागला. त्यातून जड, खोल असा नाद निघाला. त्याच्या ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाची पहिली तबकडी फेब्रुवारी १९७० मध्ये आली. नाव वाचून आपल्यातील पुष्कळांच्या कपाळाला आठी पडेल; ते एका भयपटावरून घेतलेले आहे.

या गिटारींचा आवाज मुद्दाम फाटका केलेला असतो. त्यामुळे हळू आणि मोठा यांतला फरक कमी होतो व नाद भिंतीसारखा सलग होतो. त्या भिंतीआड बाहेरचे हॉर्न, भांडी, कुत्री ऐकू येत नाहीत. हळव्या कानाच्या काही माणसांना यातच विसावा मिळतो. सर्वांना नाही, हे ध्यानात ठेवावे. पुष्कळांना हेच संगीत मुळीच सहन होत नाही. मला स्वतःला ते पाच मिनिटांपलीकडे ऐकवत नाही. परंतु न आवडणे वेगळे आणि अपायकारक म्हणणे वेगळे. मूल याने रागीट होईल ही भीती पालकांना असते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड विद्यापीठात २०१५ साली या संगीताच्या ३९ तरुण श्रोत्यांना आधी राग आणणाऱ्या आठवणी सांगायला लावल्या व मग काहींना त्यांचे संगीत दहा मिनिटे ऐकवले. त्यांचा राग वाढला नाही. चिडचिड उलट उतरली.

खरा अपाय निराळा आहे, आणि तो आवडीनिवडी पाहत नाही. अंतर्कर्णात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव आहे. त्यात केसासारखे सूक्ष्म तंतू असलेल्या पेशी असतात. मोठ्या आवाजाने त्या वाऱ्यातल्या भातासारख्या आडव्या पडतात. विश्रांती मिळाली तर पुष्कळशा पुन्हा उभ्या राहतात. कार्यक्रमानंतर कान दडे बसल्यासारखे होतात व सकाळी मोकळे होतात ते यामुळे. पण पेशी मेली तर माणसाच्या कानात दुसरी उगवत नाही. अमेरिकेतील कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तास, आणि त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, १०० ला अवघी १५ मिनिटे. हाच हिशेब बिनकेबिनच्या ट्रॅक्टरला आणि मळणी यंत्राला लागू आहे. तिथे आपण दिवस काढतो आणि मुलाच्या गाण्यांना नावे ठेवतो!

जर्मनीच्या उत्तरेस वाकेन नावाचे सुमारे दोन हजार वस्तीचे शेतकऱ्यांचे गाव आहे. १९९० पासून तेथे दर उन्हाळ्यात या संगीताचा मेळा भरतो. आता हजारो माणसे गावच्या शेतांत व कुरणांत तंबू ठोकतात. २०२३ साली पावसाने चिखल एवढा झाला की मध्येच प्रवेश बंद करावा लागला. मेळ्यात गावच्या अग्निशमन दलाचा बँडही वाजतो. अशा कार्यक्रमांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली नियम सुचवले: सरासरी आवाज १०० डेसिबलच्या आत, कानांत घालायची बोळकी उपलब्ध, आणि थोडा वेळ बसायला एक शांत जागा. ही शेवटची सोय आपल्या फेस्तातही फुकटात होईल. बँड व दारूकामापासून दूर एक खोली उघडी ठेवली की झाले.

घरी काय करावे? मिक्सर लावण्यापूर्वी मुलाला सांगा. शक्य तर बटण त्यालाच दाबू द्या. कानांवरचे हात ओढून काढू नका. सवय व्हावी म्हणून फटाक्यांजवळ उभे करू नका. संगीत ऐकू द्या, पण आवाज निम्म्याच्या वर नको, आणि तासाभराने कानांना सुट्टी. कानात सतत घंटी वाजत असेल, दुखत असेल किंवा एकाएकी ऐकू येईनासे झाले तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जावे. तेल घालत बसू नये.

कापसाचे बोळे फारसे उपयोगी नाहीत. ट्रॅक्टर चालवताना वापरायचे कानांवरचे मफ चांगले, मात्र हळव्या कानाच्या मुलाला ते दिवसभर घालून ठेवू नयेत. सतत शांततेत राहिलेला कान आणखी हळवा होतो. बँड येईल तेव्हा घालावे, गेला की काढावे. मोठ्या माणसाचे मफ लहान डोक्याला सैल बसतात व फटीतून आवाज आत येतो, म्हणून मुलाच्या मापाचे वेगळे घ्यावेत.