परिचारिकेचे शिक्षण : पैसे भरण्यापूर्वी पारख करा

व्यापाराच्या पानावर परिचारिकेच्या शिक्षणाचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. शिवणकाम करणाऱ्या, मासळी विकणाऱ्या, छोटे दुकान चालविणाऱ्या आपल्या घरांतील मुली आता बारावीपर्यंत पोचतात आणि पुढे काय, हा प्रश्न दर वर्षी जून महिन्यात उभा राहतो. त्यासाठी बाप जे पैसे काढतो ते घरचे भांडवलच असते. कापडाचा ताका घेताना आम्ही तो उलगडून पाहतो, पन्ना मोजतो, कोपरा ओला करून रंग जातो का ते बघतो. मुलीची दोन-तीन वर्षे आणि आयुष्याची बचत गुंतविताना मात्र अनेकजण गुळगुळीत माहितीपत्रक पाहून पैसे भरतात. म्हणून या शिक्षणाची पारख कशी करावी आणि ते पदरात कसे पाडून घ्यावे, याचा हा धडा.

कामाची गरज

शिरोडा, रेडी, आरोंदा या पट्ट्यातील माणसाला दवाखान्याचे महत्त्व सांगायला नको. शिरोड्यात, वेंगुर्ल्यात, सावंतवाडीत सरकारी रुग्णालये आहेत. जिल्ह्याचे रुग्णालय ओरोसला असून २०२१ पासून जिल्ह्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तरीही दुखणे वाढले की गाडी गोव्याच्या हद्दीत शिरून बांबोळीला जाते, हे घरोघर माहीत आहे. डॉक्टर येतो, तपासतो, औषध लिहितो. ते औषध वेळेवर देणे, सलाईन पाहणे, ताप-नाडी नोंदविणे, रात्री दोन वाजता रुग्णाची तब्येत बदललेली ओळखणे, हे काम परिचारिकेचे. हे काम शिकलेल्या माणसाला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागत नाही.

नावे अनेक, माल वेगळा

बाजारात 'नर्सिंग कोर्स' या एकाच नावाखाली निरनिराळा माल विकला जातो. तो आधी वेगळा करून घेऊ.

१) एएनएम. मुदत दोन वर्षे. बारावी झालेल्या मुलींसाठी, कला शाखा असली तरी चालते. वय १७ ते ३५. गावच्या उपकेंद्रात जी आरोग्य सेविका असते ती हे शिकलेली असते. पहिल्या वर्षी सामाजिक आरोग्य, आहार व स्वच्छता, प्राथमिक उपचार, लसीकरण, बालसंगोपन. दुसऱ्या वर्षी मुख्यतः प्रसूतिशास्त्र आणि आरोग्य केंद्राचा कारभार.

२) जीएनएम. मुदत तीन वर्षे. बारावीला एकूण ४० टक्के आणि इंग्रजीतही ४० टक्के गुण लागतात. विज्ञान शाखेला पसंती. यात मुलांनाही वाव आहे.

३) बी.एस्सी. नर्सिंग. मुदत चार वर्षे. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी असावे लागते. राज्यातील ही पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

ही एक शिडी आहे. नोंदणी झालेली एएनएम पुढे जीएनएमला जाऊ शकते. जीएनएम झालेली दोन वर्षांचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम करून पदवीधर होऊ शकते. म्हणजे घरची ओढाताण असेल तर पहिल्या पायरीवर उभे राहून कमवावे आणि मग पुढची पायरी चढावी. मात्र पायरी शिडीचीच असली पाहिजे. जिच्यावरून पुढे जाता येत नाही ती पायरी नव्हे, ओटा आहे.

इंग्लंडमध्येही असेच

आपल्या कोकणातील कितीतरी घरे इंग्लंडात स्थायिक आहेत, म्हणून तिथले उदाहरण देतो. तेथे रुग्णाची देखभाल करणारा मदतनीस आणि पदवीधर परिचारिका यांच्यामध्ये मोठी दरी होती. ती भरण्यासाठी 'नर्सिंग असोसिएट' असा नवा हुद्दा निघाला. २०१७ मध्ये शिक्षण सुरू झाले आणि जानेवारी २०१९ पासून तेथील नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलकडे या हुद्द्याची नोंदणी होऊ लागली. त्यासाठी 'फाउंडेशन डिग्री' नावाची, साधारण दोन वर्षांची, पूर्ण पदवीहून लहान पदवी घ्यावी लागते. पुष्कळजण रुग्णालयात पगारावर काम करीत ती घेतात. किमान २,३०० तासांचे शिक्षण, त्यातले निम्मे प्रत्यक्ष कामावर. पुढे पूर्ण परिचारिका व्हायचे असेल तर या शिक्षणाची दखल घेऊन मुदत कमी होते.

आपल्या कारागिरांना यात नवल वाटू नये. उस्तादाच्या हाताखाली काम करता करता हुनर शिकणे आणि शिकता शिकता चार पैसे मिळविणे, ही आपलीच रीत. फरक एवढाच की तिथे उस्तादाच्या शब्दाबरोबर सरकारी नोंदवहीत नाव चढते. आपल्याकडेही खरी किंमत त्या नोंदवहीलाच आहे.

खोटा माल कसा ओळखावा

आमच्या परिचयातील एका शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबाने मुलीला एका खाजगी संस्थेत सहा महिन्यांच्या 'नर्सिंग'ला घातले. मशीन गहाण ठेवून फी भरली. मुलगी हुशार, शिकलीही मनापासून. पण नोकरीला गेली तेव्हा नोंदणी क्रमांक विचारला गेला, आणि तो तिच्याकडे नव्हता, कारण त्या शिक्षणाला तो मिळतच नाही. आज ती एका दवाखान्यात मदतनीस आहे. काम परिचारिकेइतके, पगार आणि मान मदतनिसाचा.

येथे एक गोष्ट स्पष्ट करतो. मदतनिसाचे काम हलके नाही आणि त्यासाठीचे लहान अभ्यासक्रमही बेकायदा नाहीत. मांजरपाटाला मांजरपाट म्हणून विकणे हा हलालचा धंदा आहे. मांजरपाट दाखवून पॉपलिनचे पैसे घेणे ही फसवणूक आहे. म्हणून पैसे भरण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत आणि उत्तरे कागदावर घ्यावीत.

पहिला : कोर्स झाल्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी होते काय? होत असेल तर एएनएम म्हणून की जीएनएम म्हणून?

दुसरा : परीक्षा कोण घेते? एएनएम व जीएनएमसाठी राज्याचे शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ, पदवीसाठी नाशिकचे विद्यापीठ. 'आमचीच परीक्षा, आमचेच प्रमाणपत्र' असे उत्तर आले तर उठून यावे.

तिसरा : या वर्षीची मान्यता आहे काय आणि किती जागांची? संस्थेच्या भिंतीवर लावलेल्या कागदावर विसंबू नये. कौन्सिलच्या व मंडळाच्या यादीत संस्थेचे नाव स्वतः पाहावे.

चौथा : प्रत्यक्ष काम कोणत्या रुग्णालयात शिकवितात? तेथे खाटा किती, बाळंतपणे होतात काय? रुग्णालयाविना परिचारिका शिकविणे म्हणजे मागाविना विणकर घडविणे.

पाचवा : फी वर्षाला किती, वसतिगृह, गणवेश, परीक्षा यांचे वेगळे किती, आणि मुलीने मध्येच सोडले तर मूळ कागदपत्रे परत मिळतात काय?

आपल्या जिल्ह्यात कुडाळला बॅ. नाथ पै शिक्षण संस्थेचे नर्सिंग महाविद्यालय आहे. जवळचे म्हणून आधी ते जाऊन पाहावे, पण प्रश्न तेथेही हेच विचारावेत. बांबोळीलाही सरकारी नर्सिंग संस्था आहे, परंतु गोव्यातील सरकारी जागांना तिथला रहिवास मागतात, त्यामुळे त्या भरवशावर राहू नये. महाराष्ट्रात नर्सिंगसाठी राज्य सीईटी कक्ष सामाईक परीक्षा घेतो. अर्जाची तारीख गेली की वर्ष जाते, म्हणून त्या वर्षीची सूचना जानेवारीपासूनच पाहत राहावी. शिवाय १९४७ च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा नवा कायदा केला आहे. त्यामुळे नियम बदलू शकतात. दोन वर्षांपूर्वी शिकलेल्या शेजारणीच्या सांगण्यावर सगळा हिशेब मांडू नये.

अभ्यास कसा करावा

उर्दू माध्यमातील मुलींची अडचण आम्ही जाणतो, कारण आमचे शिक्षण त्याच माध्यमात झाले. पुस्तक बहुधा इंग्रजीत, रुग्ण बोलतो मालवणीत, आणि मुलीच्या डोक्यात शब्द येतो उर्दूचा. यावर उपाय एकच, तीन रकान्यांची वही. नब्ज, नाडी, पल्स. बुखार, ताप, फीवर. जिगर, यकृत, लिव्हर. गुर्दा, मूत्रपिंड, किडनी. फेफडा, फुफ्फुस, लंग. टीका, लस, व्हॅक्सिन. रोज दहा शब्द लिहिले तर सुट्टीच्या दोन महिन्यांत सहाशे होतात, आणि पहिल्या वर्षाची भीती निम्मी जाते. उर्दू येणे हे ओझे समजू नये. दवाखान्यात घाबरलेल्या म्हातारीशी तिच्या बोलीत बोलणारी परिचारिका मिळणे हे औषधाइतकेच मोलाचे आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची. आपल्या मुली दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या असतात, त्यांना त्रैराशिक नवे नाही. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम औषध सांगितले आणि बाटलीवर लिहिले आहे, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. तर द्यायचे १० मिलिलिटर. किंवा ५०० मिलिलिटर सलाईन आठ तासांत द्यायचे आहे आणि नळीचे २० थेंब म्हणजे १ मिलिलिटर. एकूण थेंब १०,०००, एकूण मिनिटे ४८०, म्हणजे मिनिटाला सुमारे २१ थेंब. गणित हे मीटर-रुपयाचेच. पण कापडात चूक झाली तर एक मीटर जाते, येथे जीव जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक उत्तर दोनदा करून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावावी.

तिसरी गोष्ट हाताच्या सवयीची. औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या : योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग, योग्य वेळ. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी आणि नंतर हात धुवायचे. लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवायची. ही वाक्ये पाठ करून भागत नाही, ती हातात भिनावी लागतात. सुई ओवताना कारागीर विचार करीत बसत नाही, तसे व्हायला हवे.

घरातील आक्षेप

रात्रपाळी, परपुरुषांची सेवा, बाहेरगावचे वसतिगृह, हे आक्षेप आपल्याच घरात निघतात असे नाही. पुण्यात रमाबाई रानडे यांनी १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदनातून मुलींना परिचारिकेचे शिक्षण देण्यास आरंभ केला, तेव्हा तेथील उच्चवर्णीय समाजानेही नाके मुरडली होती. आपल्या इतिहासात तर हजरत रुफैदा (रजि.) यांचे उदाहरण आहे. खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या हजरत साद (रजि.) यांची शुश्रूषा त्यांच्या मशिदीतील तंबूत झाली. तेव्हा काम कमीपणाचे आहे, हा आक्षेप टिकत नाही. बाकीच्या अडचणी खऱ्या आहेत. वसतिगृह कसे आहे, रात्रपाळीनंतर मुली कशा परततात, डोक्यावर रुमाल चालतो काय, हे प्रवेशाआधी स्वतः जाऊन विचारावे. विचारून ठरविणे शहाणपणाचे आहे. न विचारता नाही म्हणणे हे मुलीवर अन्यायाचे आहे.

पैशाची बाजू

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी राज्याची शिष्यवृत्ती महाडीबीटीवर अर्ज करून मिळते आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज देते. मोमीन, पिंजारी, बागवान अशा आपल्या अनेक कारागीर बिरादऱ्या ओबीसीच्या यादीत आहेत. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या घरातील ओबीसी मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशासाठी शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी मिळाली. आपण निवडलेला कोर्स आणि संस्था त्यात बसते काय, हे प्रवेशावेळीच लेखी विचारावे. जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला ही कागदे बारावीच्या निकालाआधी तयार हवीत. निकालानंतर धावपळ करणाऱ्याची जागा जाते.

आखातात पाठविण्याचा विचार असेल तर आणखी एक सूचना. तिथे बहुधा जीएनएम किंवा पदवी, शिवाय अनुभव आणि त्या देशाच्या आरोग्य खात्याची परीक्षा मागतात. २०१५ मध्ये केंद्र सरकारने आखातासह १८ देशांतील परिचारिकांच्या भरतीवर निर्बंध घालून ती ठराविक मान्य संस्थांकडे सोपविली, कारण लाखो रुपये उकळणारे दलाल माजले होते. एजंटाच्या हाती रोकड देण्यापूर्वी त्याची मान्यता सरकारच्या ई-मायग्रेट व्यवस्थेत पाहावी.

ज्यांच्या घरी मुलगी या वर्षी बारावीला आहे त्यांनी एवढे करावे. एका रविवारी बसून वरचे पाच प्रश्न कागदावर उतरवावेत, मुलीला सोबत घेऊन दोन संस्था पाहाव्यात आणि उत्तरे तिच्यासमोर वाचावीत. जिच्या आयुष्याचा सौदा आहे तिने माल स्वतः पाहिलेला असावा.