संगणक बीप देतो, पण सुरू होत नाही!



संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज असो, महाविद्यालयाचा प्रकल्प असो की स्पर्धा परीक्षेचा सराव असो, त्याच्याशिवाय पान हलत नाही. मोबाईलवर पुष्कळ कामे होतात हे खरे. पण पन्नास पानांचा प्रकल्प टंकलिखित करायचा तर टेबलावरचा संगणकच बरा पडतो. आपल्यापैकी अनेकांच्या घरी असा संगणक आहे, आणि बहुतेकांनी तो जुना, वापरलेला म्हणूनच घेतलेला आहे. एखाद्या सकाळी त्याचे बटण दाबावे, आतला पंखा फिरू लागावा, पण पडदा मात्र काळाच राहावा आणि पेटीतून "बीप… बीप…" असा आवाज यावा, हा अनुभव पुष्कळांना येतो. अशा वेळी काय करावे, हे सांगणे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभीच कबूल करतो की मी संगणक अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आणि बँकेतील लिपिक आहे. जे काही शिकलो ते गरजेपोटी, पुस्तिका वाचून आणि विचारून शिकलो. म्हणूनच, मला जमले ते तुम्हांलाही जमेल, असे खात्रीने सांगतो.

एक घरातलाच अनुभव

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. माझ्या थोरल्या भावाची मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला होती. प्रकल्प सादर करायला तीन दिवस उरले आणि संगणक बंद पडला. बटण दाबले की लांबच लांब बीप, थांबून पुन्हा तोच. एका कारागिराला दाखवले. त्याने पेटी न उघडताच सांगितले, "मदरबोर्ड गेला. साडेचार हजार लागतील. आतले राहील याची खात्री नाही." दादा पतपेढीतून उचल घ्यायला निघाला होता. पुतणीचा फोन आला तो रडतच, "काका, माझा प्रकल्प गेला का हो?"

रविवारी गेलो. पेटी उघडली. रॅमची पट्टी काढून पुसली, पुन्हा नीट बसवली. वीस मिनिटांत पडदा उजळला आणि प्रकल्प जागच्या जागी सापडला. खर्च झाला तो एका खोडरबराचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तशातली ही गत. कोणा कारागिराला दोष देण्याचा हेतू नाही. चांगले कारागीर पुष्कळ आहेत. पण संगणक स्वतः ओरडून दुखणे सांगत असताना ते न ऐकताच औषध ठरवायचे, हे बरोबर नाही.

बीप म्हणजे काय?

बँक सकाळी उघडते तेव्हा ग्राहकांसाठी खिडकी लगेच सुरू होत नाही. आधी दोन जबाबदार माणसे आपापली किल्ली लावून तिजोरी उघडतात, रोकड मोजतात, ताळा जमला की मगच व्यवहार सुरू होतो. संगणकाचेही तसेच आहे. बटण दाबताच तो स्वतःची तपासणी करतो. प्रोसेसर ठीक आहे का, रॅम सापडते का, चित्र दाखवणारा भाग जागेवर आहे का, हे तो एकेक करून पाहतो. हे काम करणारी सूचनावली मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमची साठवलेली असते. तिला बायोस म्हणतात. आयबीएम कंपनीने १९८१ साली आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, त्यातही ही तपासणी होती. आजच्या यंत्रांत बायोसची जागा यूईएफआय या नव्या पद्धतीने घेतली आहे, पण तपासणीचे तत्त्व तेच आहे.

आता प्रश्न असा की, दोष सापडला तर तो पडद्यावर का लिहून येत नाही? कारण ही तपासणी पडदा सुरू होण्याच्याही आधी होते. लिहायला पाटीच नसेल तर तोंडानेच सांगावे लागते. म्हणून संगणक बीप देतो. याचा अर्थ फार महत्त्वाचा आहे : बीप देणारा संगणक मेलेला नसतो. तपासणी करून तक्रार करण्याइतका जीव मदरबोर्डमध्ये आणि प्रोसेसरमध्ये बहुधा शिल्लक असतो.

बीपची भाषा

बीप किती, लांब की आखूड, मध्ये थांबा किती, यावरून दोष कळतो. मात्र ही भाषा सर्व यंत्रांत एक नाही. बायोस कोणाचा यावर ती अवलंबून असते. नेहमी आढळणारे काही संकेत असे :

एएमआय बायोस (जुन्या आवृत्त्या) : १, २ किंवा ३ आखूड बीप म्हणजे रॅमची तक्रार. ५ बीप म्हणजे प्रोसेसरची. ६ बीप म्हणजे कळफलक सांभाळणाऱ्या भागाची. ८ बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या कार्डाच्या मेमरीची.

अवॉर्ड बायोस : १ लांब आणि २ आखूड बीप म्हणजे चित्र दाखवणाऱ्या भागाची तक्रार. लांब बीप पुन्हा पुन्हा येत राहणे म्हणजे रॅमची. एकच आखूड बीप म्हणजे सर्व ठीक.

फिनिक्स बायोस : येथे बीप गटागटाने येतात, जसे एक, थांबा, तीन, थांबा, चार. गट जसेच्या तसे लिहून घ्यावे.

डेल, एचपी यांसारख्या कंपन्यांचे संकेत त्यांचे स्वतःचे असतात. ते त्या त्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहावेत. हल्लीच्या अनेक मदरबोर्डांना आवाज देणारा छोटा स्पीकरच नसतो. त्याऐवजी सीपीयू, डीरॅम, व्हीजीए आणि बूट अशी नावे असलेले चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहील तेथे तपासणी अडली, असे समजावे.

क्रमाने काय करावे?

१) प्रथम ऐका आणि लिहा. संगणक दोन-तीनदा सुरू करून बीप मोजा. कागदावर लांब बीपसाठी रेघ आणि आखूड बीपसाठी टिंब काढा. हा कागद पुढे कारागिरालाही उपयोगी पडतो.

२) वीज पूर्ण तोडा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. भिंतीतील प्लग काढा. नंतर संगणकाचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. पेटीत हात घालण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूला हात लावा. आपल्या अंगातील स्थिर विजेनेही नाजूक चिप बिघडू शकते.

३) बाहेरचे सारे काढा. पेनड्राइव्ह, प्रिंटर, कळफलक, माऊस सर्व काढून एकदा सुरू करून पाहा. कळफलकाची एखादी कळ अडकून राहिली तरी काही यंत्रे बीप देतात.

४) रॅम तपासा. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दोष येथेच निघाला. वीज पुन्हा तोडून पट्टीच्या टोकाची खिटी बाहेर दाबा म्हणजे पट्टी मोकळी होते. पट्टी कडांना धरावी, सोनेरी दातांना बोट लावू नये. आपल्याकडील उन्हाळ्यातली धूळ आणि पावसाळ्यातली दमट हवा यांमुळे या दातांवर थर बसतो आणि विजेचा स्पर्श नीट होत नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसणे उत्तम. ते नसल्यास मऊ पांढरे खोडरबर अगदी हलक्या हाताने फिरवून भुकटी झटकून टाकावी. सुकल्यावर पट्टीची खाच खोबणीतील उंचवट्यावर जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्यावा. खिटी "कट्" आवाज करून बसली पाहिजे. पट्ट्या दोन असतील तर एकावेळी एकच लावून पाहावी. खोबणही बदलून पाहावी. नवी पट्टी घ्यायची झाल्यास जुनीवरील अक्षरे वाचून न्यावीत. डीडीआर-३ च्या जागी डीडीआर-४ बसत नाही.

५) चित्राचा भाग तपासा. ग्राफिक्स कार्ड वेगळे असेल तर तेही काढून, पुसून बसवा. त्याला जोडलेली विजेची तार घट्ट आहे ना, ते पाहा. एकच आखूड बीप येऊन पडदा काळा असेल तर मॉनिटरची तार पाहा. ती कार्डाऐवजी मदरबोर्डला जोडलेली असणे ही नेहमीची चूक आहे.

६) बायोसची घडी बसवा. मदरबोर्डवर नाण्याएवढा ३ व्होल्टचा सेल असतो. त्यावर बहुधा सीआर २०३२ असे लिहिलेले असते. संगणकाचे घड्याळ वारंवार मागे पडत असेल तर तो संपत आला आहे. वीज तोडून सेल काही मिनिटे काढून ठेवल्यास जुन्या नोंदी पुसल्या जाऊन बायोस मूळ स्थितीला येतो. नव्या संगणकावर बिटलॉकरचे कुलूप असेल तर त्याची रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय ही पायरी करू नये.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर पाहावे. चार गोष्टी एकदम हलवल्या तर संगणक सुरू झाला तरी दोष कशात होता ते कळणार नाही, आणि बंदच राहिला तर नवा दोष आपणच केला की काय, हेही कळणार नाही.

मदरबोर्ड गेला असे कोणी सांगितले तर?

एक सोपी कसोटी आहे. रॅमच्या सर्व पट्ट्या काढून संगणक सुरू करा. स्पीकर असलेला संगणक अशा वेळी रॅम नसल्याची बीप देतो. ती आली तर मदरबोर्ड आणि प्रोसेसर निदान तपासणी करण्याइतके चालू आहेत. मग संशय रॅमवर आणि तिच्या खोबणीवर घ्यावा. पूर्ण शांतता असेल तर मात्र वीजपुरवठा, मदरबोर्ड किंवा प्रोसेसर यांचा संशय घ्यावा आणि जाणकाराकडे जावे.

हे मात्र करू नये

वीजपुरवठ्याची पेटी, म्हणजे एसएमपीएस, कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही तिच्यात जीवघेणी वीज साठून राहू शकते. वीज चालू असताना कोणतीही पट्टी काढू किंवा बसवू नये. तोंडाने फुंकू नये, थुंकीचे कण आत जातात. पट्टी बसत नसेल तर जोर करू नये. ती उलटी धरली आहे असे समजावे. जळका वास आला तर लगेच प्लग काढून जाणकाराकडे जावे. आपली मर्यादा ओळखणे हेही ज्ञानच होय.

आतील मजकुराचे काय?

ही सर्वांत मोठी भीती असते. लक्षात घ्या, रॅम ही पाटी आहे आणि डिस्क ही वही आहे. वीज गेली की पाटी पुसली जाते, वही तशीच राहते. रॅम सैल झाली किंवा चित्राचा भाग बिघडला म्हणून डिस्कवरील अक्षर पुसले जात नाही. मदरबोर्ड खरोखर गेला तरी बहुतेक वेळा डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. दुरुस्तीला देताना "डिस्क फॉरमॅट करू नका" हे स्पष्ट सांगावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. तरीही डिस्कसुद्धा एखाद्या दिवशी जाणारच. म्हणून महत्त्वाच्या कामाची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर किंवा ई-मेलमध्ये ठेवावी. पुतणीला मी त्याच संध्याकाळी हे करायला लावले.

मित्रहो, आपल्या घरात साडेचार हजार रुपये ही लहान रक्कम नव्हे. अज्ञानाची किंमत अशीच रोख मोजावी लागते, आणि ज्ञान मात्र एकदा मिळवले की शेजाऱ्याच्याही कामी येते. हल्ली वाडीत कोणाचा संगणक अडला तर पुतणीलाच बोलावतात. पेटीला हात लावण्याआधी ती कागद-पेन्सिल मागून घेते. तुम्हीही तेच करा. घाबरू नका, आधी मोजा, मग लिहा आणि नंतर एकेक तपासा.