कॅमेरा आणि संगणक : एका अबोल्याची कारणमीमांसा
(तृतीय वर्ष कला, इतिहास)

अबोला केवळ माणसामाणसांतच पडतो, अशी आमची गेल्या वर्षापर्यंत समजूत होती. कॅमेरा आणि संगणक ह्या दोन यंत्रांतही तो पडू शकतो आणि तो सोडविताना उतावीळपणा केला तर न भरून येणारे नुकसान होऊ शकते, हे आम्हांस एका प्रसंगाने शिकविले. कला महाविद्यालयाच्या वार्षिकात यंत्राची चर्चा कशाला, असे काही वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर त्या प्रसंगातच आहे. म्हणून प्रथम तोच सांगतो.

आमच्या इतिहास विभागाच्या अभ्यासभेटीत एका जुन्या वाड्यातील मोडी कागद पाहावयाचे ठरले होते. कागद तीन रुमालांत बांधलेले होते. कागदांस कसर लागलेली, घड्या जीर्ण झालेल्या; कितीही हळुवार हाताने उलगडले तरी घडीवर कागद तुटतच होता. वाड्याचे मालक, वयोवृद्ध आजोबा, आम्हांस म्हणाले, "पोरांनो, एकदाच उघडतो. पुन्हा उघडायला लावाल तर हातात नुसता भुगा येईल." त्यांचे म्हणणे खरे होते. दिवसभर खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, एकेक पान आम्ही कॅमेऱ्यात टिपले. मूळ कागद पुन्हा बांधले गेले. आता त्या पानांचे जे काही वाचन व्हावयाचे, ते ह्या छायाचित्रांवरूनच होणार होते.

दुसऱ्या दिवशी विभागात कॅमेरा संगणकास जोडला. कॅमेऱ्यावरील चार्जिंगचा दिवा लागला. संगणक मात्र ढिम्म. एका मित्राने कॅमेऱ्यातील कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घातले. लगेच पडद्यावर सूचना उमटली : ही डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, आता करावयाची काय? मित्राचे बोट 'होय'कडे वळले, तोच मागून सर ओरडले, "अरे, थांब! आधी 'नाही' म्हण. मग विचार करू."

त्या एका 'नाही'ने तीन रुमाल वाचले. ते कसे, हे समजण्यासाठी छायाचित्र मुळात असते कोठे, हे पाहिले पाहिजे.

छायाचित्र कोठे असते?

इ. स. १९७५ च्या डिसेंबर महिन्यात अमेरिकेतील कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन ह्या अभियंत्याने पहिला स्वयंपूर्ण डिजिटल कॅमेरा तयार केला. त्याचे चित्र १०० गुणिले १००, म्हणजे अवघ्या १०,००० ठिपक्यांचे, कृष्णधवल होते. ते कॅसेटच्या फितीवर उतरण्यास २३ सेकंद लागत, आणि पाहण्यासाठी ती फीत दुसऱ्या यंत्रात घालून दूरचित्रवाणीच्या पडद्याला जोडावी लागे. म्हणजे चित्र टिपणारे यंत्र एक, साठविणारी वस्तू दुसरी आणि दाखविणारे यंत्र तिसरे, ही विभागणी प्रारंभापासूनच आहे. आज फितीची जागा नखाएवढ्या कार्डाने घेतली, इतकेच.

ह्यावरून पहिली महत्त्वाची गोष्ट निघते. कॅमेरा संगणकास जोडला जात नाही, ह्याचा अर्थ छायाचित्रे गेली असा नव्हे. ती कार्डावर सुखरूप असतात. अडलेली असते ती फक्त वाट. कॅमेऱ्याच्या मागील पडद्यावर चित्रे दिसत असतील तर कार्ड ठीक आहे, असे बहुतांशी समजावे. वाट शोधताना कार्डावर नवे काही लिहिले जाऊ द्यावयाचे नाही, हा एक नियम पाळला म्हणजे चुकण्याचे भय पुष्कळ कमी होते. नवीन छायाचित्र काढणे हेही लिहिणेच, आणि फॉर्मॅट करणे तर त्याहून अधिक.

फॉर्मॅट करणे म्हणजे काय? आपल्या ग्रंथालयाचे उदाहरण घेऊ. कोणते पुस्तक कोणत्या कपाटात आहे, हे सूचिपत्रावरून कळते. कोणी सूचिपत्र फाडून टाकले तरी पुस्तके कपाटातच राहतात, परंतु ती सापडत नाहीत. मग कपाटे रिकामीच आहेत असे समजून कोणी तेथे नवी पुस्तके ठेवू लागला, तर जुनी रद्दीत जातात. कार्डाचे साध्या रीतीने केलेले फॉर्मॅट बहुधा सूचिपत्र फाडण्यासारखे असते. म्हणूनच चूक घडून गेलीच, तर कार्ड तत्काळ बाजूला ठेवावे. 'फोटोरेक'सारख्या आज्ञावलीने चित्रे पुष्कळदा परत मिळतात. मात्र मिळालेली चित्रे त्याच कार्डावर न ठेवता दुसरीकडे साठवावीत. अर्थात पुष्कळदा म्हणजे नेहमी नव्हे.

कारणे शोधण्याचा क्रम

वैद्य जसा प्रथम नाडी पाहतो, तसे येथेही सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे जावे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. केबल, संगणक आणि कॅमेऱ्यातील मांडणी अशा तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या, तर काम होईल, पण दोष कोणाचा होता हे कळणार नाही.

पहिली पाहणी कॅमेऱ्याची. तो चालू आहे काय? बॅटरी पुरेशी भरलेली आहे काय? काही कॅमेरे थोड्या वेळाने आपोआप बंद होतात, तर काही चित्रे पाहण्याच्या स्थितीत ठेवल्याखेरीज संगणकास उत्तर देत नाहीत. काही कॅमेऱ्यांत वाय-फाय चालू असेल तर केबलची वाट बंद राहते. ते आधी बंद करावे लागते.

दुसरी पाहणी केबलची. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात : दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. परंतु केवळ चार्जिंगसाठी बनविलेल्या स्वस्त केबलमध्ये माहितीच्या तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. खूण एकच : चार्जिंगचा दिवा लागतो, पण संगणकास पाहुणा आल्याची वार्ताच नसते. अशा वेळी त्याच केबलने मोबाइल जोडून त्यातील चित्रे संगणकावर दिसतात काय ते पाहावे. कॅमेऱ्याचे तोंड निराळे असेल तर दुसरी केबल मिळवावी. कॅमेऱ्याबरोबर आलेली मूळ केबल जपून ठेवावी, हा उपदेश म्हणूनच केला जातो.

तिसरी पाहणी जोडणीच्या जागेची. केबल संगणकाच्या पुढील सैल झालेल्या खाचेत किंवा अनेक खाचांच्या हबमध्ये न लावता सरळ मागील खाचेत लावून पाहावी. खाचेत साचलेली धूळ हेही एक कारण असते.

चौथी पाहणी भाषेची. यूएसबी ही पद्धत १९९६ साली आली. तिने वाट दिली, पण वाटेवरून कोणत्या भाषेत बोलावयाचे हा प्रश्न उरतोच. कॅमेरे मुख्यतः दोन भाषा बोलतात. एकीस 'मास स्टोरेज' म्हणतात. तीत कॅमेरा आपले कार्डच संगणकाच्या हाती देतो आणि संगणक ते पेनड्राइव्हप्रमाणे स्वतः वाचतो. दुसरी 'पीटीपी', हिचे प्रमाण २००० साली ठरले. तीत कार्ड कॅमेऱ्याच्याच ताब्यात राहते. संगणक मागेल ते चित्र कॅमेरा स्वतः वाचून पाठवितो. पहिली पद्धत कपाटाची किल्ली देण्यासारखी, दुसरी ग्रंथपालाकरवी पुस्तक मागविण्यासारखी. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या मांडणीत 'यूएसबी' ह्या शीर्षकाखाली ही निवड असते. एक चालली नाही तर दुसरी करून पाहावी. पीटीपी पद्धतीत कॅमेरा संगणकाच्या नेहमीच्या ड्राइव्हांच्या यादीत न दिसता उपकरणांच्या यादीत दिसतो. मॅक संगणकावर तर तो 'फोटोज' किंवा 'इमेज कॅप्चर' उघडल्यावर दिसतो. समोर असलेला कॅमेरा नाही असे समजण्याची चूक येथे होते.

पाचवी पाहणी संगणकाची. तीच केबल आणि तोच कॅमेरा दुसऱ्या संगणकास लावावा. तेथे चालले तर दोष पहिल्या संगणकाचा. न चालल्यास केबलचा किंवा कॅमेऱ्याचा. ह्या एका प्रयोगाने निम्मी कारणे बाद होतात.

सर्वांत शेवटी कार्ड रीडर. मोठ्या आकाराच्या एसडी कार्डाच्या डाव्या कडेस एक लहान सरकपट्टी असते. ती 'लॉक'कडे सरकविली म्हणजे बहुतेक रीडर कार्डावर काही लिहू देत नाहीत. मोलाची चित्रे असलेले कार्ड रीडरमध्ये घालण्यापूर्वी ही पट्टी अवश्य सरकवावी. कार्ड वाचले गेल्यावर 'डीसीआयएम' नावाचे दालन उघडावे. १९९८ साली जपानमध्ये ठरलेल्या नियमानुसार बहुतेक सर्व कॅमेरे आपली चित्रे तेथेच ठेवतात.

संगणक खोटे का बोलला?

आता आमच्या प्रसंगाकडे वळू. कार्डावर चित्रे असताना 'फॉर्मॅट केलेली नाही' असे संगणकाने का सांगावे? आमचे कार्ड ६४ जीबीचे, म्हणजे एसडीएक्ससी जातीचे होते. ही जात २००९ साली आली. ३२ जीबीहून मोठ्या अशा कार्डांवर 'एक्सफॅट' नावाची मांडणी असते, आणि ती २००६ सालची. आमच्या विभागातील संगणकावर होती २००१ सालची विंडोज एक्सपी. एक्सफॅट वाचण्याची पुरवणी मायक्रोसॉफ्टने २००९ साली दिली होती, पण ती त्या संगणकावर कोणी घातलेली नव्हती. त्यामुळे 'मला हे वाचता येत नाही' असे म्हणण्याऐवजी तो 'येथे काही लिहिलेलेच नाही' असे म्हणाला. मोडी न येणाऱ्याने रुमाल उघडून 'ह्यात नुसत्या रेघोट्या आहेत, कागद धुऊन काढू' असे म्हणावे, तसाच हा प्रकार!

सरांनी कार्ड परत कॅमेऱ्यात घातले. मागील पडद्यावर सर्व पाने जशीच्या तशी दिसली आणि आमचा जीव भांड्यात पडला. मग वर सांगितलेल्या क्रमाने एकेक गोष्ट तपासली. आमची केबल मोबाइलच्या चार्जरबरोबरची, विजेपुरतीच निघाली. एका फोटोग्राफरकडून माहितीच्या तारा असलेली केबल आणली, कॅमेऱ्यात पीटीपी निवडले, आणि त्याच जुन्या संगणकावर एकामागून एक पाने उतरू लागली. कार्ड वाचण्याचे काम आता कॅमेरा करीत असल्यामुळे संगणकास एक्सफॅट येते की नाही, हा प्रश्नच उरला नव्हता.

सर्व चित्रे उतरल्यावरही सरांनी कार्ड लगेच पुसू दिले नाही. प्रथम चित्रे दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठविली, प्रत्येक ठिकाणची काही पाने उघडून अक्षर वाचता येते काय ते पाहिले, संख्या जुळविली. त्यानंतरच कार्ड मोकळे केले, आणि तेही कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करून.

आमच्यापैकी अनेकजण पुढे लोकगीते, वीरगळ, जुने दस्तऐवज ह्यांच्या मागे गावोगाव हिंडतील. जुना कागद हाताळताना जी सावधगिरी आपण बाळगतो, तीच त्याच्या छायाचित्राविषयीही बाळगली पाहिजे. 'मला वाचता येत नाही' आणि 'येथे काही नाही' ही दोन वाक्ये एकच नव्हेत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे संगणकाकडून शिकावे लागले, ह्याची थोडी लाज वाटते. परंतु वेळेवर शिकलो, ह्याचे समाधान अधिक आहे.