बाजाराकडे पगार मागू नका

चाकणची नोकरी सोडून मी पूर्णवेळ ऑप्शन्समध्ये उतरलो, तेव्हा काम सव्वानऊ ते साडेतीन एवढंच असतं असं धरून चाललो होतो. पण गिफ्ट निफ्टी सकाळी साडेसहाला सुरू होतो, रात्री पावणेतीनपर्यंत चालतो. उशाशी मोबाइल असला की जाग आल्याबरोबर हात तिकडेच जातो. एक्स्पायरीच्या दिवशी मी जेवायचो, पण ताटात काय होतं ते सांगता आलं नसतं. दाढ दुखली म्हणून दाखवायला गेलो, तर डॉक्टरांनी विचारलं, "रात्री झोपेत दात खाता का?" दाढा झिजून सपाट झाल्या होत्या.

मला तोट्यापेक्षा पाच तारखेने जास्त दमवलं. पाचला घराचा हप्ता जायचा. बाजार महिन्याच्या हिशेबाने देत नाही. पंचवीस तारखेपर्यंत हप्त्यापुरते सुटले नाहीत की दोनाऐवजी चार लॉट उचलले जातात, स्टॉपलॉस खाली सरकवला जातो. नफ्याच्या दिवशीही जीव थाऱ्यावर नसतो, कारण पुढचा हप्ता समोर उभाच असतो.

सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. तरी त्यातल्या तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी ट्रेडिंग सोडलं नाही. त्यांना कुणी हावरट म्हटलं की मला राग येतो. गेलेलं भरून काढल्याशिवाय घरी तोंड कसं दाखवायचं, या धास्तीनेच माणूस अडकतो.

म्हणून नोकरी सोडू नका. सोडलीच असेल, तर वर्षभराचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाका आणि त्यातून मार्जिन भरू नका. बऱ्याच ब्रोकरांच्या अ‍ॅपमध्ये किल स्विच असतो. दिवसाचा ठरवलेला तोटा झाला की तो दाबून टाका. आठवड्याचं लेजर जोडीदारासमोर उघडा. माझ्या बायकोने नफा-तोटा बाजूला ठेवून ब्रोकरेज आणि एसटीटीच्या रकमांवर बोट ठेवलं. "हे रोजच जातात?" तिने विचारलं. मी तो हिशेब कधी जोडलाच नव्हता.

झोप उडाली असेल, घरात बोलायचा धीर होत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. फोन मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. पुढच्या एक्स्पायरीची वाट न पाहता आजच लावा.