हॉलचा रंग

मुलुंड

चि. सोनू,


घाटकोपरच्या घरासाठी निवडलेल्या दोन्ही रंगांचे फोटो पाहिले. गडद निळसर करडा तुझ्या मनात भरलाय आणि बेज सासूबाईंनी सुचवला म्हणून मिळमिळीत वाटतोय, हे कळतं मला. पण रंग कुणी सुचवला ते बाजूला ठेव आणि खिडकीकडे बघ. दुसरा मजला, समोर लगेच दुसरी इमारत. तुझ्या हॉलमध्ये ऊन येतच नाही, येतो तो त्या इमारतीवरून परतलेला उजेड. बेज त्यातला निम्म्याहून जास्त खोलीला परत देतो, तुझा करडा जेमतेम दहावा हिस्सा. जुलैत भर दुपारी पेपर वाचायला ट्यूब लावावी लागेल.

मीही गडद रंगाची हीच हौस केली होती. गडद रंगाच्या बेसमध्ये पांढरा रंग फार कमी असतो, त्यामुळे खालची भिंत लवकर झाकत नाही. पेंटरने दोन हात सांगितले होते, चार लागले. पहिल्याच पावसाळ्यात पश्चिमेच्या भिंतीला ओल आली आणि निळ्यावर पांढरी पूड फुटली. बेजवरही फुटली असती, पण अशी डोळ्यांत खुपली नसती. फडक्याने पुसली, तर घासलं तिथे चकाकी आली. खिळ्याचं भोक बुजवून त्याच डब्यातला रंग लावला, तो ठिपका आजही वेगळा दिसतो.

गडद रंग वाईट नाही गं. बेडरूममधली पलंगामागची आतली भिंत त्याला दे, तिथे तो शोभेल. हॉलला मात्र बेजच.

आणि बेजही नीट पारखून घे. 2700 केल्विनच्या दिव्यात तो पिवळा पडतो, 6500 च्या ट्यूबखाली मातकट दिसतो. म्हणून आधी दिवे ठरव. आई चाळीत चुन्यात चिमूटभर नीळ घालायची, तेवढ्याने चुन्याचा पिवळेपणा मरायचा. रंग एकटा कधी दिसतच नाही. शेडकार्डवरच्या बोटभर चौकोनावर विसंबू नकोस. दोन फुटी पुठ्ठ्यांवर दोन्ही रंगांचे दोन-दोन हात मार, भिंतीला टेकवून ठेव आणि सकाळी, दुपारी, रात्री दिव्यात असे तीन दिवस बघ.

माझ्या भिंतीसारखी ओल नको असेल, तर बाहेरची गळती सोसायटीकडून बंद करून घेतल्याशिवाय पेंटरला आगाऊ पैसे देऊ नकोस. पाऊस संपून भिंती वाळू देत, मग काम काढ. पुठ्ठे रंगवलेस की कळव, रविवारी मी येते बघायला.

तुझी,
मावशी