गिरणेकाठचा अनुबोधपट : विद्यार्थी-प्रकल्प आणि व्यवसायाचे संकेत

अनुबोधपटाची निर्मिती हे काम दीर्घ काळ शासकीय विभाग आणि मोजक्या व्यावसायिक संस्था यांच्यापुरतेच मर्यादित होते. कॅमेरा, फिल्मची रिळे आणि ध्वनिमुद्रणाची अवजड सामग्री यांचा खर्चच तसा होता. आज हे काम भ्रमणध्वनीवर होऊ शकते आणि अनेक विद्यालये ते प्रकल्प म्हणून विद्यार्थ्यांकडे सोपवितात. साधन स्वस्त झाले. परंतु या व्यवसायाने शंभराहून अधिक वर्षांच्या अनुभवातून स्वतःला घालून घेतलेले संकेत साधनाबरोबर आपोआप हाती येत नाहीत. ते शिकवावे लागतात, आणि ते शिकवावयाचे तर एखादा विषय समोर असलेला बरा.

भडगावचाच विषय घेऊ. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम पावणारी गिरणा चाळीसगाव तालुक्यातून भडगावास येते व पुढे तापीस मिळते. नांदगाव तालुक्यातील गिरणा धरण 1969 साली पूर्ण झाले. जामदा येथील बंधारा त्याहून पुष्कळ जुना, ब्रिटिश अमदानीतला. या पाण्यावर तालुक्यातील केळी आणि कापूस उभा राहतो. भडगावच्या एखाद्या विद्यालयातील विद्यार्थ्यांनी गिरणेच्या पाण्यावर पंधरा मिनिटांचा अनुबोधपट करावयाचे ठरविले आहे, असे समजू.

पहिली अडचण विषयाच्या रुंदीची. ‘गिरणा आमची जीवनदायिनी’ हे शीर्षक झाले, प्रश्न नव्हे. असे शीर्षक घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी सूर्योदय, घाट, मंदिराचा कळस आणि पाण्यावरचे बगळे टिपून परततात. ‘कालव्याचे आवर्तन सुटल्यावर पाणी टेलच्या शेतापर्यंत किती दिवसांत पोहोचते, आणि कोणाच्या शेतात पोहोचतच नाही?’ हा प्रश्न झाला. त्याचे उत्तर शोधण्यासाठी पाटचारीच्या कडेने पायी चालावे लागते, पाटकऱ्यास भेटावे लागते, पाणीवापर संस्थेची नोंदवही पाहावी लागते. कोणते दृश्य घ्यावे हे मग प्रश्नच सांगतो.

तांत्रिक बाबी थोडक्यात सांगता येतील. प्रत्येक दृश्य किमान दहा सेकंद स्थिर धरावे. कॅमेरा उगाच फिरवू नये. नदीकाठच्या वाऱ्याने व विद्युतपंपाच्या आवाजाने मुलाखत वाया जाते, म्हणून आडोसा शोधावा. प्रत्येक ठिकाणी कोणी न बोलता अर्धा मिनिट केवळ तेथील ध्वनी मुद्रित करून ठेवावा. संकलनाच्या वेळी त्याची किंमत कळते. दृश्याचा क्रमांक, तारीख, ठिकाण आणि बोलणाऱ्याचे नाव त्याच दिवशी वहीत उतरावे. चिकाटीचा धडा दादासाहेब फाळके यांच्याकडून घ्यावा. ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे करण्याकरिता त्यांनी ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट केला, तो ठराविक अंतराने एकेक चौकट टिपूनच. पाटचारीत चढणारे पाणी त्याच रीतीने दाखविता येईल.

खरा कस लागतो तो सत्याच्या प्रश्नावर. सप्टेंबर 1872 मधील गिरणेच्या महापुराने भडगावची मोठी हानी केली. हा प्रसंग अनुबोधपटात यावा असे विद्यार्थ्यांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु त्या पुराचे चलच्चित्र असणे शक्यच नाही; भारतीयाने केलेले पहिले चित्रण म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईत टिपलेल्या कुस्तीचे दृश्य 1899 सालचे आहे. अशा वेळी 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुराची दृश्ये निवेदनाखाली सरकवून देण्याचा मोह होतो. प्रेक्षकास फरक कळत नाही, म्हणूनच ते अयोग्य. जुन्या नोंदीचे पान दाखवावे, आजच्या नदीपात्रावर ती नोंद वाचावी, किंवा चित्र काढून त्याखाली ‘कल्पनाचित्र’ असे स्पष्ट लिहावे. दुसऱ्या ठिकाणचे दृश्य घेणे अपरिहार्य असेल, तर ठिकाण व वर्ष पडद्यावर द्यावे.

घडलेली कृती पुन्हा करावयास सांगणे याविषयीही स्पष्टता हवी. रॉबर्ट फ्लाहर्टी यांच्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’ (1922) या उत्तर ध्रुवाकडील जीवनावरील चित्रपटाची चर्चा अद्याप थांबलेली नाही. बर्फाच्या घरात कॅमेऱ्यास प्रकाश पुरेना, म्हणून एक बाजू उघडी असलेले घर बांधण्यात आले. शिकारी तोवर बंदूक वापरू लागले होते, तरी त्यांना जुन्या भाल्याने शिकार करावयास लावले. या दोन गोष्टी आमच्या मते सारख्या नाहीत. पहिलीत कॅमेऱ्याची अडचण दूर झाली. दुसरीत त्या लोकांच्या वर्तमानाविषयी खोटे सांगितले गेले. हीच कसोटी भडगावात लावावी. शेतकरी रोज पहाटे बारे धरतो. अंधारामुळे तेच काम सकाळी पुन्हा करण्याची विनंती करण्यास हरकत नाही. मात्र नळ आलेल्या वस्तीतील बायांच्या डोक्यावर हंडे देऊन त्यांना नदीवरून चालावयास लावणे हा त्या वस्तीवर अन्याय होय, आणि नळ आणणाऱ्या ग्रामपंचायतीवरही.

लोकांना स्वतः बोलू देणे हा संकेतही सहज रुजला नाही. 1935 च्या ‘हाउसिंग प्रॉब्लेम्स’ या ब्रिटिश अनुबोधपटात गलिच्छ वस्तीतील रहिवासी स्वतःच आपले हाल सांगतात, याची त्या काळी नवलाई होती. आपल्याकडे 1948 साली स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनच्या बहुसंख्य अनुबोधपटांत निवेदकाचा भारदस्त आवाजच सर्व काही सांगत असे, एस. एन. एस. शास्त्री यांच्या ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ (1967) मध्ये वीस वर्षांची मुले-मुली मोकळेपणाने बोलली, म्हणून तो अनुबोधपट आजही लक्षात राहिला आहे. भडगावात या संकेताला आणखी एक अंग आहे, ते अहिराणीचे. कॅमेरा दिसताच आजीबाई ‘शुद्ध’ बोलू पाहतात आणि त्यांचे बोलणे आखडते. विद्यार्थ्याने प्रश्नच अहिराणीत विचारावा व मराठी भाषांतर पडद्याखाली द्यावे. शिक्षकांनी उच्चार सुधारण्याचा आग्रह येथे तरी बाजूस ठेवावा.

टेलचा शेतकरी जेव्हा सांगतो की वरच्या अंगाचे बागायतदार रात्री दार उघडतात आणि आपल्यापर्यंत पाणी येत नाही, तेव्हा तो केवळ माहिती देत नसतो. त्यास त्याच गावात, त्याच चारीवर पुढील हंगाम काढावयाचा असतो. विद्यार्थ्यांचा प्रकल्प गुणपत्रकाबरोबर संपतो, त्याचे शेजारी संपत नाहीत. म्हणून संमती चित्रीकरणापूर्वी घ्यावी आणि चित्रफीत कोणास, कोठे दाखविली जाणार हे सांगूनच घ्यावी. ती भ्रमणध्वनीवरून गावभर पसरू शकते हेही सांगावे. नाव वा चेहरा नको म्हटल्यास तसे करावे. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची लेखी संमती हवी. ज्याच्यावर आरोप झाला त्यास, मग तो बागायतदार असो वा कालवा कर्मचारी, आपली बाजू मांडण्याची संधी तितक्याच निष्ठेने द्यावी. कित्येकदा फुटलेल्या चारीचे वा अपुऱ्या आवर्तनाचे कारण त्याच्याकडूनच कळते. धरण व बंधाऱ्यावरील चित्रीकरणासाठी जलसंपदा विभागाकडे आगाऊ लेखी अर्ज करावा.

संकलनात उत्तर तोडताना अर्थ तुटत नाही ना, हे दुसऱ्या विद्यार्थ्याकडून तपासून घ्यावे. ‘पाणी मिळते, पण उशिरा’ यातील पहिले दोन शब्द ठेवून उरलेले गाळले, तर वाक्य त्याच माणसाचे राहते आणि म्हणणे दुसऱ्याचे होते. संगीत शक्य तितके कमी वापरावे. पाटात पाणी शिरण्याचा आवाज पुरेसा बोलका असतो.

कच्चे संकलन झाले की ते प्रथम ज्यांचे चित्रण केले त्यांनाच दाखवावे, शक्यतो संध्याकाळी, शेताची कामे आटोपल्यावर. कोणी एखादे वाक्य मागे घेऊ इच्छीत असेल तर ते काढावे. तथ्याची चूक कोणी दाखविली तर नोंदवही उघडून पडताळावी. ग्रामसभेत दाखविण्याची वेळ त्यानंतरची. अंतिम प्रत, दृश्यांची वही आणि संमतीपत्रे विद्यालयाच्या ग्रंथालयात एकत्र ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या तुकडीस त्याच चारीवर, त्याच आवर्तनाच्या वेळी पुन्हा जाता येईल.